कर्दमतीर्थाची गंधमुद्रा

त्या काळी शहरांच्या लोगोंकडे कोणी ढुंकून बघत नसे. भिंतीवर, तिकिटावर, पाण्याच्या बाटलीवर इतकी चित्रं झाली होती की लोकांचे डोळे त्यांना विटले होते. तेव्हा शहरांनी माणसाचं नाक गाठलं. प्रत्येक शहराची आपली गंधमुद्रा असे. म्हणजे स्टेशनापासून बाजारापर्यंत हवेत सोडलेला एक खास वास, इतका पुसट की वेगळा जाणवूही नये. पर्यटक घरी जाई आणि महिन्याभरानं त्याला उगाचच त्या गावाची ओढ लागे.

गोदाकाठच्या कर्दमतीर्थाला मात्र अशी मुद्रा नव्हती. तिथे लोक येत ते दहाव्याला. पिंड मांडायचे, कावळा शिवला की डोळे पुसायचे आणि दुपारच्या गाडीनं घरी. हॉटेलवाले माशा मारत बसत. शेवटी नगरपालिकेनं गावचीच लेक, ब्रँड डिझायनर मृणाल खैरनार हिला बोलावलं आणि सांगितलं, "रडकं गाव ही ओळख पुसा बाई."

मृणालच्या घरातही त्या घाटावरचं एक रडणं अडकून राहिलं होतं. थोरल्या बहिणीनं, ऋतुजानं जातीबाहेर लग्न केलं म्हणून वडिलांनी, अण्णांनी तिला आईच्या मरणाची बातमीही कळवू दिली नव्हती. दहाव्याला कावळे झाडावरून हलेनात. काकांनी वचन दिलं, मामांनी दिलं, कावळे ढिम्म. ऊन डोक्यावर आलं तेव्हा अण्णा रडत पुढे झाले. "ऋतुजाला घरी आणीन. तिची माफी मागीन." आणि कावळा उतरला. शब्द दिला खरा, पण ताठा मोडेना. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत तो शब्द ऐकणारे काका, मामा, जुने गुरुजी सगळे गेले. साक्षीला उरली एकटी मृणाल. यंदा अण्णांच्या हृदयानं दगा दिला आणि ते आपणहून म्हणाले, "बोलाव तिला. घाटावरच बोलाव." ऋतुजा दूर फिनलंडला. तिनं दिवाळीनंतर येते म्हणून कळवलं.

तोवर मृणालनं पुण्याला डॉ. नाझनीन इनामदारांची प्रयोगशाळा गाठली. गंधमुद्रेमागचं शास्त्र त्यांचं.

"आठवण म्हणजे कपाटातला फोटो, असं आपण समजतो," डॉक्टर म्हणाल्या. "तसं नसतं. ती कणकेच्या गोळ्यासारखी असते. आठवलं की गोळा मऊ होतो आणि मेंदू तो नव्यानं मळून ठेवतो. वासानं तो सगळ्यांत लवकर मऊ होतो. त्या क्षणी माझा रेणू त्यात थोडा गूळ घालतो, एवढंच."

"आणि मूळची चव?"

"मूळ असं काही राहतच नाही. शेवटचं मळलेलं, तेच मूळ. म्हणून वास जपून निवडा. कोणता गोळा मऊ होणार, ते वास ठरवतो."

मोगरा आणि चंदन तर सगळ्याच शहरांनी घेतलं होतं. मृणालला खरा वास हवा होता. तिनं भिजलेले दर्भ, काळे तीळ आणि नुकताच निवलेला भात निवडला. वास जमला का हे पारखायला ती कुपी नाकाशी धरून दर वेळी आईचा दहावा आठवून बघे.

"यानं शहर आठवेल, की गेलेली माणसं?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्या गावात दोन्ही एकच हो!" मृणाल अभिमानानं म्हणाली. चूक झाली ती इथे.

मुद्रा हवेत सुटली आणि गावाचं नशीब पालटलं. घाटावर सहली येऊ लागल्या, नावा फिरू लागल्या. तांब्याच्या गडव्यांचं अण्णांचं दुकान घाटालाच लागून होतं. तिथे ते दिवसभर हसतमुख बसत. मृणालला वाटलं, लेक येणार म्हणून खुशीत असतील.

पण एक दिवस नवे गुरुजी तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, हल्ली दर्भाचाच कावळा करून पिंडाला लावावा लागतो. पूर्वी माणसं आठवून आठवून सांगायची, हिची ही आशा राहिली, त्याचं ते राहिलं. आता विचारलं की म्हणतात, काही राहिलं नाही, सगळं छान होतं. परवा एक बाई आली होती. नवऱ्यानं जन्मभर मारलेली, कपाळावर खोक आहे. म्हणते, देवमाणूस होते."

 मृणालनं लगेच डॉक्टरांना फोन लावला. "हे उलटं फिरवता येईल?"

"कणकेत मुरलेला गूळ वेचता येतो का?" डॉक्टरांचा आवाज खाली गेला होता. "नवा वास सोडणं थांबवा, एवढंच हातात आहे."

नगरपालिकेनं तिला वेड्यात काढलं. "ऐन सीझनमध्ये बंद? गावाचं पोट चालतंय त्यावर!"

ऋतुजा आली ती थेट घाटावर. इतक्या वर्षांनी, फोनवर मृणालनं सांगितलेल्या त्या एका वचनाच्या भरवशावर. अण्णा दुकानातून धावत आले, तिच्या गालांवरून हात फिरवला, तिच्या तोंडात पेढा कोंबला. तिला माया नको होती असं नाही. पण आधी दुसरं काही हवं होतं.

"अण्णा, आईच्या दहाव्याला मला का कळवलं नाहीत?"

अण्णा गोंधळले. "असं काय करतेस? तू होतीस की! तूच हाक मारलीस, तेव्हा तर कावळा उतरला."

त्यांच्या डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. ऋतुजा धाकटीकडे वळली. "मृणाल, तू सांग त्यांना. तू होतीस ना तिथे?"

मृणालनं डोळे मिटले आणि तो दिवस आठवला. पायऱ्यांवर कोवळं ऊन होतं. अण्णा हसत होते. आणि त्यांच्याशेजारी अबोली साडीत ऋतुजा उभी होती. हे खोटं आहे, आपणच फोनवर वेगळं सांगितलं होतं, हे तिला कळत होतं. पण तिनं कितीही शोधलं तरी दुसरं काही सापडेना. जे सापडलं ते इतकं गोड होतं की तिला रडू फुटलं.

"ताई, मला तू तिथेच दिसतेस गं."

ऋतुजा एक पायरी मागे सरली. "म्हणजे मला येऊ दिलं नाहीत, हे आता फक्त मलाच माहीत आहे?"

"इथे थांबू नकोस," मृणाल घाईनं म्हणाली. "हवेतच आहे ते. मीच केलंय. जा ताई, लवकर जा."

ऋतुजानं ओढणी नाकावर घट्ट दाबली आणि ती पायऱ्या चढू लागली. खालून अण्णा प्रेमानं ओरडत होते, "अगं, जेवून तरी जा!" तिनं वळून पाहिलं नाही. श्वास कोंडून तिचा चेहरा लाल झाला होता, तरी तिनं ओढणी काढली नाही.