मुद्दाम हरणारे सर

नव्या शाळेत शिकवायला आल्याच्या पहिल्याच दिवशी प्रतिभानं काय पाहावं — तिसरीच्या वर्गात एक उंचापुरा माणूस फरशीवर मांडी घालून बसलाय आणि पोरं त्याच्याभोवती नाचतायत!

“पाच सक तीस! सर हारले, सर हारले! चिंचोका माझा!” इवलीशी पूजा ओरडत होती.

दोन फासे टाकायचे, आकड्यांचा गुणाकार जो आधी सांगेल त्याचा चिंचोका. खेळ एवढाच. पण भारत सर असं काही डोकं खाजवत बसायचे, की पाढ्यांना घाबरणारी पोरंही त्यांना हरवायची. चांदवडजवळच्या त्या छोट्या शाळेत गणिताच्या तासाला कुणी दांडी मारत नसे, ते काही उगाच नाही.

मधल्या सुट्टीत नव्या मॅडमही त्यांच्यासमोर जाऊन बसल्या आणि डावामागून डाव जिंकत गेल्या.

“मुद्दाम हरताय ना, सर?” प्रतिभानं विचारलं.

“पोरांशी, हो. जिंकायची गोडी लागली की त्यांची भीती पळते.” सर मान खाली घालून चिंचोके गोळा करत राहिले. “तुमच्याशी मात्र... खरंच हरतोय. समोर बसलात की पाढेच आठवत नाहीत.”

अगं बाई! दिसतात साधे, आणि बोलतात असं? तिनं ओढणी नीट केली. ती नीटच होती, तरी.

मग ते रोजचंच झालं. डबा एकत्र, खारातली मिरची निम्मी-निम्मी. बाहेर गार वारा सुटला की तिनं सांगायच्या आत सर खिडकी लावायला उठायचे... सगळ्या गावाला कळलं होतं. सरांच्या तोंडून एक शब्द निघायचा तेवढा बाकी होता.

त्यात ओझरचं स्थळ आलं. मुलगा राकेश, विमान कारखान्यात नोकरीला. प्रतिभानं मुद्दामच सरांच्या कानावर घातलं.

“चांगलंय की,” ते म्हणाले, आणि वर्गात निघून गेले.

या माणसाला जीभ आहे की नाही! तिनं घरी आज-उद्या करत होकार लांबवला. पण किती लांबवणार? शेवटी रागाच्या भरात हो म्हणून बसली.

सुपारी फुटली. राकेशचे सहादूमामा खुशीत सगळ्यांना सांगू लागले, “आम्ही शाळेत जाऊन गुपचूप चौकशी केली होती बरं का! त्या भारत सरांनी पोरीचं इतकं कौतुक केलं, म्हटलं आता दुसरीकडं बघायचंच नाय.”

सगळे हसले. प्रतिभानं हातातला अर्धा पेढा तसाच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं सरांना वर्गातच गाठलं.

“चौकशीला आलेल्यांना काय सांगितलंत?”

“खरं तेच... अशी मुलगी शोधून सापडणार नाही म्हटलं.”

“आणि तुम्हाला मी हवी होते, ते?”

सर हळूच म्हणाले, “त्याची नोकरी पक्की. मी हा असा कंत्राटी... तुमचं चांगलं होत असेल तर आड कशाला येऊ?”

“मी काय तिसरीतली पोर आहे? माझ्यासाठी मुद्दाम हरलात, आणि हरलात तेही मलाच! मला एकदा विचारायचं तरी होतं!”

“आता... आता येऊ का घरी? तुमच्या आबांशी बोलतो —”

“काल सुपारी फुटली, सर. आबांनी चार माणसांत शब्द दिलाय, मीही दिलाय. आणि राकेशनं कुणाचं काय वाईट केलंय? त्यानं निदान येऊन मागितलं मला.”

रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. ती दारापर्यंत गेली.

“प्रतिभा...” मॅडम नाही, नुसतं प्रतिभा. “माझं तुमच्यावर फार प्रेम आहे.”

एवढंच ऐकायला तिनं अख्खं वर्ष वाट पाहिली होती. ती वळली. डोळे भरून तिनं त्यांच्याकडे पाहून घेतलं.

“हे त्या मामांना सांगायचं होतं, भारत,” ती म्हणाली, आणि रडत रडत बसकडे धावली.