पाठमोरी

रंगांची पेटी ने, ब्रशही ने. धुवून वाळवून ठेवलेत. उद्यापासून वॉर्डातला चित्रांचा तास तुझा. पण जरा टेक, पोरी. बहिणीची लेक म्हणून तुला सांगते. इतर कोणाला सांगायचं धाडस माझ्यात नाही. माझ्यात धाडस नाही, हे वाक्य पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा माझ्या तोंडून निघतंय, तेव्हा नीट ऐक.

मी कुठल्या कलाशाळेची पायरी चढले नाही. जे आलं ते दुसऱ्यांच्या हातांकडे बघून बघून आलं, म्हणून तोरा अंमळ जास्तच. मनाच्या आजारांच्या त्या वॉर्डात मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं, तेव्हा एकच नियम घातला. "पेशंटच्या कागदाला हात लावायचा नाही. चित्र चुकू दे, बिघडू दे. ते चित्र नसतं, त्यांचं बोलणं असतं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, आला मोठा मला शिकवणारा!

दर मंगळवारी दुपारी तास असे. लांबट खोली, फिनेलचा आणि ओल्या रंगांचा वास, वाट्यांमध्ये गढूळ होत जाणारं पाणी. तिथं एक बाई येई. सगळे तिला घुमी म्हणत. चार वर्षं तिनं तोंडातून अक्षर काढलं नव्हतं. तिची सहा वर्षांची मुलगी घरामागच्या हौदात बुडाली, एवढंच फायलीत होतं.

घुमी दर वेळी एकच चित्र काढी. राखाडी भिंत, एक स्टूल आणि स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसलेली लहान मुलगी. पाठीवर मधोमध एक वेणी. चित्र पुरं झालं की ती त्याच्याकडे बघत राही आणि तिचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली येत. तेवढाच तास तिला धड श्वास घेता येई. मला हे दिसत होतं, बरं का. दिसत होतं आणि कळत नव्हतं.

मग वॉर्डात पेशंटच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. चार वाजता पाहुणे यायचे होते. भिंतीवर चित्रं लावता लावता वॉर्डातली आया म्हणाली, "काय हो रंगमावशी, घुमीच्या पोरीला तोंड फुटायचंय का अजून? लोक म्हणतील, मास्तरणीलाच चेहरा जमत नाही!"

झोंबलं मला. आया खाली गेली, तसा मी घुमीचा कागद पुढ्यात ओढला. दहा मिनिटांचं काम. केसांवर कातडीचा रंग चढवला, पाठीवरच्या वेणीवर फ्रॉकचा. कपाळ, नाक, ओठ. शेवटी डोळे. डोळे मला नेहमीच छान जमतात.

"पुसा."

मागे घुमी उभी होती. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा.

"पुसा, बाई... ओलं आहे तोवर पुसा."

"अगं, किती गोड दिसतेय, बघ तरी!"

"मी तिला तिकडं तोंड करून बसवली होती..." ती चित्रापासून मागं सरकली. "ती हौदातून हाका मारत होती. मी फोनवर बोलत होते. मागं वळलेच नाही मी... आता तिनं मला पाहिलं."

ओलं फडकं माझ्या खांद्यावरच होतं. एकदा हात फिरवायचा, संपलं. पण खाली गाड्यांची दारं वाजली. पाहुणे आले होते. आणि खरं सांगू? चेहरा उतरला होता झकास. मी फडक्याला हात लावला नाही.

मोठे डॉक्टर त्या चित्रापाशी थबकले. "हा चेहरा तिनं काढला? आपणहून?"

नियम मोडला म्हणून सगळ्यांदेखत खाली मान घालायची? मी? मी म्हटलं, "हो. आपणहून."

मुलगी आईकडे वळली, म्हणजे आईनं दुःख स्वीकारलं, असं ते पाहुण्यांना सांगत सुटले. त्याच दिवशी तिच्या गोळ्या कमी झाल्या. तिला वेगळी खोली मिळाली, आणि रोज नजरेस पडावं म्हणून ते चित्र पलंगासमोर टांगलं.

पुढच्या मंगळवारी मी तिच्या खोलीत गेले. बाहेर रणरणतं ऊन, आत मात्र गारठा. शेवाळाचा वास... ओल्या केसांचा वास. चित्राखाली पाणी साचलं होतं आणि सिस्टर ते टिपत होती. "कुठला पाइप गळतोय देव जाणे. प्लंबर येऊन गेला. म्हणतो, या भिंतीत पाइपच नाही."

घुमी पलंगावर चित्राकडे पाठ फिरवून, मागच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी हाक मारली. ती वळली नाही. जवळ जाऊन वाकले, तेव्हा भिंतीलाच सांगावं तसं पुटपुटली, "तिचे केस पुसून द्या ना कोणी... सारखं ठिबकतंय..."

तेव्हा तरी बोलायचं! तडक डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेले. ते हसून म्हणाले, "रंगमावशी, हात सोन्याचे आहेत तुमचे." आणि जगाला धारेवर धरणारी मी, ते कौतुक तेवढं पदरात पाडून घेतलं. मी घरी आले.

घुमी दोन वर्षं तशीच जगली. जेवली ती भिंतीकडे बघत, झोपली ती भिंतीकडे बघत. गेली तीही तशीच. तिच्या माणसांनी चित्र घेतलं नाही. आयानं ते माझ्या हातात दिलं, "तुमच्याच तासातलं ना?" म्हणत.

त्या कपाटाच्या मागे आहे ते. भिंतीकडे तोंड करून ठेवलंय, मला दिसू नये म्हणून. नाही, खोटं कशाला बोलू? मी त्याला दिसू नये म्हणून. साधा पाण्याचा रंग तो, पण चार वेळा पुसायला गेले तर फडक्याला रंग लागत नाही. नुसतं पाणी लागतं. कागदाची मागची बाजू कोरी होती, हे मी शपथेवर सांगते. महिन्याभरात तिथं तिची पाठ आणि मधोमध वेणी उमटली. भ्यायले नाही मी. उलट जिवाला थंडावा वाटला. म्हटलं, भिंतीकडे बघत बसली आहे ना, बसू दे.

मघाशी तुझी पेटी काढायला कपाट सरकवलं. वेणी पाठीच्या मधोमध नाही. उजव्या खांद्यावर आली आहे... कोणी मागं वळून बघायला मान वळवू लागलं की येते, तशी.