ओझं कोणाचं उतरलं?

"नाकाला रुमाल बांधा आणि पिंपाचा वास घ्या!" दादाने फर्मान सोडलं.

"रुमाल बांधून वास कसा घेणार, शहाण्या?" ढब्बूने विचारलं.

चिमणीला हसू आलं नाही. मामाच्या रोपवाटिकेतली टोमॅटोची रोपं काल करपली आणि मामाने माळीकाकांना कामावरून काढलं. का? तर "काका झोपा काढतात," असं चिमणीनेच जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं. काका डुलकी घेत होते खरे, पण जेवणाच्या सुट्टीत! तेवढं सांगायचं ती विसरली. विसरली कसली! सगळे हसले म्हणून पुढचं तिने गिळून टाकलं होतं. मेली शरम वाटत होती तिला. म्हणून तर रोपं करपण्याचं खरं कारण शोधायला ती दादा-ढब्बूबरोबर आली होती.

"फिनेल!" ढब्बू ओरडला. निळ्या पिंपाला भपकारा येत होता. त्यातलं पाणी दिलेले वाफेच करपले होते. नळाच्या पाण्यावरचे टवटवीत!

रोपवाटिकेच्या ऑफिसची फरशी रोज मामाच फिनेलने पुसायचा. दादा लोणी लावत म्हणाला, "मामा, तू पाणी फार वाचवतोस, नाही?"

"मग! फरशी पुसलेलं पाणीसुद्धा फेकत नाही मी. सरळ निळ्या पिंपात!" मामाने छाती फुगवली.

"अहो, काय केलंत हे!" मामीने कपाळावर हात मारला. ती वकील होती. "चला, काका एक्झॉनरेट झाले!"

"म्हणजे?" चिमणीने विचारलं.

"निर्दोष ठरले. मूळ लॅटिन. 'ओनस' म्हणजे ओझं, ते 'एक्स', म्हणजे बाहेर काढायचं. अंगावर आलेला आळ म्हणजे ओझंच की! ते उतरवायचं."

मामाने स्वतः जाऊन काकांची माफी मागितली, त्यांना परत आणलं. "शाबास रे पोरांनो!" घरभर कौतुक सुरू झालं. काकांचं ओझं उतरलं, मग चिमणीच्या छातीवर हे काय बसलं होतं?

ती गुपचूप काकांच्या मागे गेली आणि सगळं सांगून टाकलं. "चुकले मी, काका."

"कोणी सांगितलं ते ठाऊक होतं मला," काका झारी खाली ठेवत म्हणाले. "पण बाळ, तेव्हा सगळ्यांसमोर बोललीस. आणि आता फक्त या झारीला ऐकू जाईल एवढंच?"

चिमणी आत गेली.

"मामा, मला शाबासकी नको! काका सुट्टीत झोपले होते. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही."

या वेळी कोणीच हसलं नाही. मामाने मान खाली घातली.

"दुसऱ्याची चूक पकडण्यापेक्षा हे अवघड असतं," मामी म्हणाली. "शाबास!"

काका दारात उभे होते. त्यांनी मान डोलावली मात्र, चिमणीला मोठ्यांदा रडू फुटलं.