जोयाचे चोपन्न

पुठ्ठ्याची पाटी सहाव्या दिवशीही जोयाच्याच गळ्यात पडली आणि सगळ्यांत आधी हसली ती संयोगिता. ती हसली की अख्खा वर्ग हसायचा, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. जोयाला 'बिघाड' हे नावही तिनंच ठेवलं होतं.

गारगोटीच्या शाळेत मे महिन्यात संख्यांच्या आकृतिबंधांचं शिबिर भरलं होतं. कोल्हापूरहून आलेले उदयसिंह सर फळ्यावर गुणाकार लिहायचे. मुलं तो कॅल्क्युलेटरवर करायची आणि मग बरोबरच्या चिन्हाचं बटण पुन्हा पुन्हा दाबत राहायची. दर वेळी नवा आकडा उमटायचा, आकड्यांची साखळी तयार व्हायची आणि पुढचा आकडा आधीच ओळखायचा. खेळ झकास होता, पण सरांनी त्याची पार माती केली होती. ज्याची साखळी चुकेल त्यानं 'मी साखळी तोडली' ही पाटी गळ्यात घालून मधल्या सुट्टीपर्यंत दारात उभं राहायचं. सात वेळा पाटी पडली की शिबिरातून नाव कमी!

जोया केवळ या शिबिरासाठी शाहूवाडीहून आत्याकडे येऊन राहिली होती. बाकीच्यांचे कॅल्क्युलेटर नवेकोरे, एकाच कंपनीचे. तिच्याकडे तिच्या अब्बांचा जुना होता, शिवणयंत्राशेजारी वर्षानुवर्षं वापरून आकडे पुसट झालेला.

त्या दिवशी फळ्यावर तीन गुणिले दोन होतं. सगळ्यांना सहा, बारा, चोवीस आले. जोयाला सहा, अठरा, चोपन्न.

"शाहूवाडीत बाराचा आकडा अजून पोचला नाही वाटतं," सर म्हणाले आणि त्यांनी पाटी पुढे केली. जोया मुकाट्यानं दारात जाऊन उभी राहिली.

तेवढ्यात संयोगिताच्या कॅल्क्युलेटरचा सेल संपला. सरांनी तिला जोयाचा घ्यायला सांगितलं. संयोगितानं ऐटीत बटणं दाबली आणि तिचा चेहराच पडला. सहा, अठरा, चोपन्न! तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा चोपन्नच.

"लागण झाली की काय?" सर म्हणाले. जोयाच्या गळ्यातली पाटी काढून त्यांनी संयोगिताच्या गळ्यात घातली. वर्ग खदखदून हसला. तिचा चुलतभाऊ सम्राटसुद्धा बाकावर हात आपटून हसला. पाटीची सुतळी मानेला टोचते, हे संयोगिताला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मधल्या सुट्टीत ती जोयावर धावूनच गेली. यंत्रात काय मुद्दाम करून ठेवलंस, असं तिनं दरडावून विचारलं.

"मी दारात हुते की," जोया म्हणाली. "बटणं तू दाबलीस. चुकीचं दाबलंस काय?"

संयोगितानं बटणं बरोबरच दाबली होती. मग चोपन्न आले कुठून? सम्राट म्हणाला, दुसऱ्या यंत्रांवर करून बघूया. आणि शिबिर सुटल्यावर तिघं बाजारपेठेत शिरले.

औषधांच्या दुकानात बारा आले. बियाण्यांच्या दुकानात अठरा! भांड्यांच्या दुकानातला कॅल्क्युलेटर सहावरच हटून बसला. "पावणं, घ्यायचं काय हाय का नुसतं बडवायचंच हाय?" असं म्हणून चहावाल्यानं त्यांना हुसकून लावलं, पण तोवर तिथले अठरा सम्राटनं हातावर लिहून घेतले होते. नऊ दुकानं झाली आणि जोया भर रस्त्यात थांबली.

"बिघाड न्हाईच!" ती म्हणाली. "सरांचं मशीन दुसरा आकडा ध्यानात ठेवतंय, म्हणून दोननं गुणतंय. अब्बांचं पहिला ठेवतंय, म्हणून तीननं. साखळ्या दोन्ही खऱ्या."

आता हे सरांना सांगायचं कसं? सांगून ते ऐकणार नव्हते. सहा दिवसांत त्यांनी जोयाचा कॅल्क्युलेटर एकदाही हातात घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष गणपतराव शिबिर बघायला आले. सरांनी ऐटीत पाच गुणिले दोन लिहिलं. यातून दहा, वीस, चाळीस निघणार, असं पाहुण्यांना आधीच सांगून टाकलं आणि टेबलावर हात नेला. तिथं कॅल्क्युलेटर नव्हता. सम्राटनं तो खडूंच्या खोक्यात तळाशी पुरला होता. जोयानं अदबीनं आपला पुढे केला. पाहुण्यांसमोर सरांना नाही म्हणता येईना. गणपतरावांनी तो घेतला आणि स्वतःच बटण दाबत मोठ्यानं वाचायला लागले.

"दहा. पन्नास. अडीचशे. सर, हे काय हाय?"

सरांना घाम फुटला. यंत्र बिघडलंय, ही मुलगी रोज हेच करते, असं ते सांगायला लागले.

"दोन गुणिले पाच दाबा, आजोबा," जोया म्हणाली.

दहा, वीस, चाळीस. जोयानं सगळं समजावून सांगितलं, सम्राटनं शाई लागलेला हात दाखवला आणि पाटीची हकीकत संयोगितानं तिखटमीठ लावून सांगितली. गणपतरावांनी खिळ्यावरची पाटी काढली, वाचली आणि सरांच्या हातात दिली.

"घाला. मधल्या सुट्टीपर्यंत."

सर दारात उभे राहिले. सुतळी त्यांच्या जाड मानेत रुतली होती. वर्गात हशा पिकला आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती संयोगिता. गणपतरावांनी तिघांची पाठ थोपटली. जे सरांना सुचलं नाही ते पोरांनी दुकानोदुकानी फिरून तपासलं, याला म्हणायचं गणित, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. नाव कमी करायचा नियमही त्यांनी तिथंच रद्द केला.

सुट्टी झाली तशी संयोगिता डबा घेऊन जोयाशेजारी येऊन बसली. आता आपण मैत्रिणी, असं म्हणून तिनं डबा पुढे सरकवला. जोया ओढणीनं अब्बांचा कॅल्क्युलेटर पुसत होती.

"तुझ्या गळ्यात एक डाव पाटी पडली, तर तू अख्खा बाजार पालथा घातलास," ती म्हणाली. "माझ्या गळ्यात सहा दिवस हुती. तवा तू हसत हुतीस. आज सरांनाबी हसलीस."

जोया उठली आणि आपला डबा घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. संयोगिताच्या डब्यातली चपाती त्या दिवशी तशीच राहिली.