औषधालासुद्धा शून्य नाही

यंत्रखोलीचं दार जड होतं. ती बाहेरून ढकलत होती, तो आतून. दोघंही हट्टी. शेवटी त्यानं माघार घेतली आणि ती शालीसकट थेट त्याच्या चहात आली.

"आतून ओढायचं असतं हे दार," ती म्हणाली.

"तपासत होतो. सवय आहे."

सवय होतीच. मोठ्या मूळ संख्या सापडल्याचे दावे तपासणं हे त्याचं काम, आणि आजवरचे सगळे दावे त्यानं कापले होते. संस्थेत त्याला कात्री म्हणत. ही तर तीन वर्षं घासून शोधलेला आकडा घेऊन आली होती. खरा ठरला तर इथली नोकरी पक्की, नाहीतर घरी… आणि घरी आई वाटच बघत होती.

"कसा आहे आकडा?"

"दोनाचा भला मोठा घात, वजा एक. कोट्यवधी अंकी. यंत्राच्या शून्य-एकाच्या भाषेत लिहिला तर एकापुढे एक, एकापुढे एक… शून्य औषधालासुद्धा नाही."

"आणि भाग कशानं जातो?"

"एकानं आणि स्वतःनंच. तिसऱ्या कुणाला वाव नाही."

"मानी दिसतो."

"माझ्यावर गेलाय."

तपासणीच्या अखेरीस यंत्रानं शून्य दिलं तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर सगळं मुसळ केरात. ती रोज दुपारी यंत्राची ख्यालीखुशाली विचारायला यायची, दोन कप चहा घेऊन. यंत्र चहा पीत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही.

आणि तपासणी संपत आली असताना त्यानं ती बंद केली.

"चूक निघाली…?" तिनं विचारलं.

"आकड्यात नाही. नियम आहे – नातलगाचा दावा तपासायचा नाही."

"आपण कुठे नातलग आहोत?"

"नाही… पण माझी नियत आता साफ राहिलेली नाही."

तिनं कप त्याच्यासमोर ठेवला. शाल सावरली, आणि सरळ विभागप्रमुख बाईंसमोर जाऊन उभी राहिली. या बाईंनीच कात्रीला धार लावली होती.

"बाई, पहिल्यापासून तुम्ही तपासा. तुमच्या यंत्रावर."

"महिना जाईल. तुझी मुदत संपेल, पगार बंद होईल."

"होऊ दे."

"आणि शून्य नाही आलं तर?"

"आकडा गेला तर गेला, बाई. नातलग राहील."

दाराबाहेर कुणाला तरी ठसका लागला.

महिन्यानं बाई खोलीतून बाहेर आल्या. चेहरा नेहमीसारखाच, इस्त्री केलेला.

"शून्य," त्या म्हणाल्या, आणि जन्मात पहिल्यांदा हसल्या. जिन्यापर्यंत टाळ्या वाजल्या. कात्रीच्या सर्वांत जास्त.

तिनं घरी फोन लावला. "आई, शून्य आलं."

"असू दे गं, बाळा. रडू नकोस. ये घरी."

"रडत नाहीये, आई," ती म्हणाली. "आणि एकटी येत नाहीये."