डावीकडून तिसरा

इंग्लंडातल्या विदर्नसीच्या किनाऱ्यावर धक्क्याचं दार आहे, धक्का नाही. वादळात जहाजं आदळून आदळून तो गेला. दाराचे दोन बुरुज उभे आहेत, मागे नुसता समुद्र.

निळा दोरा.

फोटोच्या काचेवर पांढरं ते काळं दिसतं.

किटली एक, कप दोन. आई गेल्यापासून एवढंच घर.

तर ही १९०९च्या जुलैतली गोष्ट, मंगळवार सकाळची. थिर्झा गारबटचं फोटोचं खोपटं त्या बिनधक्क्याच्या दाराला टेकून होतं. समोर पुळणीवर फळ्यांचा मंच. त्यावर सात पिएरो गायचे, वाजवायचे, लोकांना हसवायचे. ढगळ पांढरे पोशाख, काळे गोंडे, टोकदार टोप्या, तोंडाला पावडर. त्यांची पोस्टकार्डं थिर्झा छापायची. सातांतला बँजोवाला क्लेम तिचा धाकटा भाऊ.

मंडळींचे म्होरके अंकल एर्न खोपट्याच्या दारात आले. "हार्डकासल पळाला गं पोरी, हल शहरातल्या थिएटरात. काढ मेल्याला खरवडून. कार्डावर डावीकडून तिसरा."

मोसमाच्या मध्येच कुणी गेलं, तर नवा फोटो कोण काढत बसणार? जुन्या काचेवरचा माणूस पात्याने खरवडायचा, मोकळ्या जागी पेन्सिलीने समुद्र काढायचा, झालं. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबली होती. थिर्झाने डावीकडून तिसरा खरवडला आणि तिथे तीन तिरप्या लाटा ओढल्या. खरवडायची बाजू वर असली की डावं ते उजवं होतं, हे तिला कार्डं खपल्यावर आठवलं.

बुधवारी न्याहारीला क्लेम कार्ड नाचवत होता. "वा ताई! हार्डकासल ऐटीत उभा, आणि सख्खा भाऊ खलास!"

"गप रे. आजच नवी काच काढते."

पण अंकल एर्न ऐकेनात. "सगळ्यांची तोंडं सारखीच पांढरी. कुणाला कळतंय?"

खरंच कुणाला कळलं नाही.

गुरुवारी क्लेमच्या गाण्याला कुणी हसलं नाही. शुक्रवारी अंकल एर्न सगळ्यांची नावं पुकारताना त्याचं विसरले. घरी आला तो पावडर न धुताच बसून राहिला. चहा गार झाला.

"पहिल्या रांगेतली बाई माझ्याकडे बघत होती, ताई. म्हणजे माझ्याकडे नाही. माझ्या मागच्या समुद्राकडे."

थिर्झाच्या हातातला चमचा थांबला. "उद्या सकाळी धक्क्याच्या दारापुढे उभा राहा," ती म्हणाली. "तुझ्या एकट्याचा काढते."

शनिवारी लख्ख ऊन पडलं होतं. काळ्या कापडाखाली डोकं घालून तिने पाहिलं. भिंगातून तो उलटा दिसत होता, सगळेच दिसतात तसा. टोपी काढून तो कमरेत वाकला, मग सरळ उभा राहिला. तिने फोटो घेतला आणि काच घेऊन आत गेली.

लाल दिव्याखाली काच औषधात हलवली. एक बुरुज आला. दुसरा आला. वाळू आली.

मध्ये क्लेम नव्हता.

तिथे तीन तिरप्या लाटा होत्या. पेन्सिलीच्या.

ती बाहेर धावली. दारापुढे कुणी नव्हतं. मंचावर सहा जण गात होते. डावीकडून तिसरा हार्डकासल. हातात क्लेमचा बँजो.

"क्लेम कुठंय?"

अंकल एर्ननी गाणं तोडलं. "कोण गं, पोरी?"

हार्डकासलने तिच्याकडे बघून टोपी काढली आणि कमरेत वाकला. त्याच्या छातीवरचे तिन्ही गोंडे निळ्या दोऱ्याने शिवलेले होते.

घरी किटली होती. कप एकच.

मे महिन्यात मंडळींचे सात पोशाख थिर्झानेच शिवले होते. क्लेमचा शेवटी शिवला, तेव्हा काळा दोरा संपला होता.