लंकाबाईच्या डोक्याचे काप

२००६ सालचा पौष. गोदाकाठच्या मळ्यांवरून दुपारपर्यंत धुकं उठत नव्हतं. त्या थंडीत फुलमळेवाला गेणू बायकोला, लंकाबाईला, घेऊन दुसऱ्यांदा नाशकात डोक्याच्या फोटोला आला. तिच्या डोक्यात गाठ होती. बोलण्याची जागा गाठीपासून किती लांब, हे कळल्याशिवाय डॉक्टर चाकू लावणार नव्हते.

पहिला फोटो फुकट गेला होता. यंत्रात निजल्यावर कानात एकेक शब्द येई, आणि लंकाबाई प्रत्येक शब्दाला मान डोलवी. कोणी बोललं की हुंकार द्यायचा, ही तिची जन्माची रीत.

"आजी, यंत्र डोक्याचे पातळ काप टिपतं, एकामागून एक," फोटो जुळवणारी सृष्टी म्हणाली. "सरकलेला काप मी जागेवर आणते. मागंपुढं टिपलेले एका वेळेला बसवते. पण शब्द आला की तुमची मानही हलते. मग शब्दाला मेंदू जागला की नुसती मान हलली, ते मला कळत नाही."

"कोनी बोलतंय अन् आपण गप? मढं हाय का मी?"

"आज मढंच हो," गेणू म्हणाला.

ती एकटी आत गेली. जड दार लागलं. यंत्र ठोके देऊ लागलं. काचेतून तिची पावलं तेवढी दिसत होती. शब्दागणिक अंगठे हलत होते. मग तेही थांबले. गेणूने काचेला कपाळ टेकवलं.

"इतकी सरळ रेघ..." पडद्यावरची डोकं हलण्याची रेघ बघत सृष्टी पुटपुटली. "नुसत्या श्वासानंही डोकं थोडं हलतं, आजोबा."

तिने काप वेळेच्या क्रमाने लावले. कपाळाच्या कडेला एक बोट उमटलं. पुढच्या कापात दुसरं... मग तिसरं... चौथं निम्मंच.

"आत कोण होतं?"

"कोनी नाय," गेणू म्हणाला.

सृष्टीने सगळे काप पुन्हा तपासले. मग म्हणाली, "जागा स्वच्छ आलीय. गाठीपासून लांब. ऑपरेशन होईल."

गेणू त्या निम्म्या बोटाकडे बघत राहिला. कडबा तोडताना त्याच्या आईचं, चिमणाबाईचं, बोट तिथंच तुटलं होतं. शेवटची तीन वर्षं म्हातारीचं डोकं सारखं थरथरे. लंकाबाई एका हाताने तिचं कपाळ धरी, दुसऱ्याने पेज पाजी. म्हातारीला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

दार उघडलं. लंकाबाई बाहेर आली. तिचं कपाळ बर्फासारखं गार पडलं होतं.

"आत्याबाई व्हत्या," ती हळूच म्हणाली. "डोकं घट्ट धरलं. यंत्र थांबल्यावर म्हनल्या... फिटलं, पोरी."

गेणूने रिकाम्या खोलीकडे पाहून हात जोडले.